कोपरापासून बोटापर्यंत

माझ्या मिस्त्रीने मला फसवलं. पैशात नाही, मापात फसवलं, आणि मापाची चूक माझ्या नावावर टाकून स्वतः मोकळा झाला. त्याला आता वीस वर्षं होऊन गेली.

मी प्लंबर आहे. घाटकोपरला माझं दुकान आहे, हाताखाली सहा माणसं आहेत. बाजारात माल घ्यायला गेलो की दुकानदार पहिला भाव सांगतानाच हसतात, कारण त्या भावाला मी घेणार नाही हे त्यांना ठाऊक असतं. रागीट म्हणून माझी ख्याती आहे आणि ती खरी आहे. हे लिहायच्या आधी राग उतरेल म्हणून मी बरेच दिवस वाट पाहिली. तो उतरला नाही, तेव्हा तसाच बसलो.

एका शब्दापासून सुरुवात करतो. एल्बो. पाइपला काटकोनात वळवायचं असेल तर जो वाकडा तुकडा लावतात, तो एल्बो. नववीतून शाळा सोडून मी या धंद्यात आलो आणि पहिल्याच दिवशी जे शब्द कानावर पडले त्यात हा होता. पाना, सॉकेट, निपल, एल्बो. एल्बो म्हणजे इंग्रजीत कोपर, हे मला कुणी सांगितलं नाही. शाळेत शिकवलं असेल. मी त्या दिवशी शाळेत गेलो नसेन. सात वर्षं मी रोज एल्बो बसवत होतो आणि तो शब्द माझ्यासाठी लोखंडाचाच होता.

मिस्त्री मालवणकडचा. बुटका, रुंद खांद्यांचा, कपाळावर कायम, पाइपच्या जोडाला लावतात त्या पांढऱ्या सफेद्याचा एक ठिपका. माझी उंची बघून त्याने मला पहिल्या दिवशी 'लांब्या' नाव ठेवलं. मग बाकड्यावर स्वतःचं कोपर टेकवलं आणि म्हणाला, "टेक तुझा." मी त्याच्या हाताशेजारी माझा हात ठेवला. दोघांच्या मधल्या बोटांची टोकं त्याने पाहिली.

"अर्धा बोट," तो म्हणाला. "तुझो हात म्हणजे माझो हात आणि वर अर्धा बोट. ध्यानात ठेव. मी ठेवतंय."

हे त्याने का केलं ते कामावर गेल्यावर कळलं. जुन्या इमारतींच्या मागे संडास-मोऱ्यांच्या मधोमध एक उभी, अरुंद पोकळी असते. आम्ही तिला डक्ट म्हणतो. तिथे माणूस आडवा शिरतो. एका हाताने जुना पाइप धरायचा, पाय भिंतीला रोवायचे, आणि उरलेल्या एका हाताने माप घ्यायचं. टेप तिथे चालत नाही. ताणला की वाकतो, सोडला की खाली पडतो. म्हणून मिस्त्री हाताने मापायला शिकवायचा. कोपर एका टोकाला टेकवायचं, मधलं बोट पुढे लांबवायचं, तो झाला एक हात. उरलं ते बोटांच्या रुंदीने. आटे धरून पूर्ण लांबी सांगायची. वरून मी ओरडायचो, "दीड हात, तीन बोटं!" खाली मिस्त्री पाइप शिकंज्यात धरून कापायचा, आटे पाडायचा आणि दोरीने वर पाठवायचा.

आता माप माझ्या हाताचं आणि कापणार तो त्याच्या हाताने. म्हणून नियम ठरलेला होता: देणाऱ्याने आपल्या हाताचं माप द्यायचं, फरक कापणाऱ्याने मिळवायचा. दर हातामागे अर्धं बोट. सात वर्षांत यात एकदाही चूक झाली नाही. दुसरा कुणी प्लंबर बघायला आला तर हसायचा, पण पाइप चपखल बसलेला बघून स्वतःचा टेप खिशात घालायचा. मला आमच्या मापाचा अभिमान होता. मिस्त्रीचा तर होताच.

मिस्त्रीकडे पालिकेचं लायसन्स होतं. माझ्याकडे काही नव्हतं. लायसन्सच्या परीक्षेला बसायचं तर अनुभवाचं पत्र लागतं, आणि ते त्याने द्यायचं होतं. गणपती झाले की देतो, दिवाळी झाली की देतो, शिमग्याक गावाक जाऊन इलंय की देतंय. आपल्याकडे याला कोपराला गूळ लावणं म्हणतात. वास येतो, जीभ पोचत नाही. मी तो वास सात वर्षं घेतला.

ज्या इमारतीत हे घडलं ती घाटकोपरातच होती, चार मजली, गच्चीवर टाकी. टाकीपासूनची जुनी लाइन बदलायचं काम मिस्त्रीने घेतलं होतं. दुसऱ्या मजल्यावर एक पाइप डक्टमधून भिंतीत शिरायचा आणि एका घराच्या स्वयंपाकखोलीच्या छताला लागून पुढे जायचा. मी डक्टमध्ये होतो. माप घेतलं. नेमकं दोन हात भरलं, एक बोटही वर नाही. मी ओरडलो, "दोन हात, पुरते!"

खाली मिस्त्री सोसायटीच्या सेक्रेटरींशी भांडत होता. सेक्रेटरी सांगत होते, पाणी यायची वेळ झाली, बायका खोळंबल्यात, आवरा. मिस्त्री सांगत होता, मग तुम्हीच या वर. त्या भांडणातच त्याने शिकंज्यात पाइप धरला, कोपर टेकवलं, दोन हात मोजले आणि कापला.

दोरीने पाइप वर आला. मी लावून पाहिला. एका बाजूला आटे पूर्ण गेले, दुसऱ्या बाजूला एल्बोपर्यंत पाइप पोचेना. बोटभर कमी.

"मिस्त्री, आखूड आहे!"

"बसता ता. ओढ."

"एक बोट कमी आहे, मिस्त्री. अर्धं अर्धं धरलं नाहीत."

"माका शिकवतंस? एल्बो ओढ इकडे, दोन आटे गेले तरी धरतत. सफेदो लाव, धागो गुंडाळ. पाणी येतला आता."

मी ओढला. हे मी लपवत नाही. पाना माझ्या हातात होता. जिथे सहा-सात आटे जायला हवे होते तिथे दोन गेले, तेही तिरके. मी जाड धागा गुंडाळला, सफेदा थापला, आवळलं. पाणी आलं. गळलं नाही. मिस्त्रीने खालून विचारलं, "काय, बसलो ना?" मी म्हटलं, "बसला." दुसऱ्या दिवशी गवंड्याने वरून गिलावा केला.

त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात एक काकू राहायच्या. ब्लाउज शिवायच्या. काम चालू असताना त्यांनी आम्हाला रोज चहा दिला होता आणि मिस्त्रीला डोळे मिचकावत सांगितलं होतं, "तुमच्या या लांब्याच्या शर्टाच्या बाह्या कोण शिवतं हो? सगळ्या कोपराशीच संपतात." एका संध्याकाळी त्यांनी खरंच माझी बाही मापली होती आणि जुन्या कापडाची पट्टी जोडून वाढवून दिली होती.

आठ महिन्यांनी तो जोड सुटला. एकदम फुटला नाही. भिंतीच्या आत झिरपत राहिला, गिलावा फुगत गेला. एका दुपारी काकू ओट्याशी उभ्या असताना छताचा पोपडा, चांगला पाटाएवढा, त्यांच्या उजव्या हातावर पडला.

मी जवळच काम करत होतो, धावत गेलो. रिक्षातून त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "एल्बो गेलाय."

भिंतीतला एल्बो मीच ओढून बसवला होता. यांना कसं कळलं, असं मनात आलं. तेवढ्यात डॉक्टरांनी स्वतःचं कोपर बोटाने दाखवत काकूंच्या सुनेला समजावलं, हाड इथे मोडलंय, हात पूर्वीसारखा सरळ होईल असं सांगता येत नाही. तेव्हा मला त्या शब्दाचा अर्थ कळला. कुणी शाळेत शिकतं, मी तिथे शिकलो.

पुढच्या रविवारी सोसायटीची सभा झाली. तळमजल्यावर, मीटरच्या खोलीशेजारी, प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून. सेक्रेटरींनी मिस्त्रीला विचारलं, जोड सुटला कसा?

मिस्त्री उठला. सभेपुरती त्याने मालवणी बाजूला ठेवली होती. म्हणाला, "माप पोरानं वरून दिलं. दोन हात म्हणाला. मी दोन हात कापला. मी वर नव्हतो."

यातला एक शब्द खोटा नव्हता. आजही मला त्या वाक्याचं नवल वाटतं. सगळे शब्द खरे आणि सगळं मिळून खोटं. अर्ध्या बोटाबद्दल तो बोलला नाही. आखूड आहे म्हणून मी ओरडलो होतो, त्याबद्दल बोलला नाही.

मी काय केलं? शांतपणे सांगायला हवं होतं. मी पाना टेबलावर आपटला. टेबलाची काच फुटली. ओरडलो, "या म्हाताऱ्याला विचारा, कुणाचा हात होता तो! त्याच्या तोंडून वदवा!" दोन माणसांनी मला धरलं. बायका उठून उभ्या राहिल्या. सेक्रेटरी म्हणाले, "बघितलंत? कामही असंच करत असणार." आणि त्यांनी वहीत लिहिलं: मापाची चूक मदतनिसाची. मिस्त्रीचं लायसन्स वाचलं.

जिन्यात काकू उभ्या होत्या, हात गळ्यात बांधलेला. त्या मला एकच वाक्य म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "तुझ्या मापाने माझा हात गेला रे."

त्यानंतर मिस्त्रीला मी कोपरापासून नमस्कार केला. दुसऱ्याच्या हाताखाली लागलो, अनुभवाची वर्षं नव्याने मोजावी लागली, उशिरा का होईना लायसन्स काढलं. हे सगळं माझं मी केलं. पण त्या गल्लीत आजही काम मिळत नाही. मिळालं नाही तरी मी उपाशी मरत नाही. मला लागतं ते दुसरंच. काकू बाजारात समोरून आल्या की पदर उजव्या हातावर ओढून घेतात. हात आता काटकोनापलीकडे उघडत नाही. मोठी कात्री धरवत नाही, म्हणून शिवण सुटलं. हे माझ्यामुळे झालं असं त्या माऊलीला वीस वर्षं वाटतंय.

माझी मुलगी कॉलेजात इंग्रजी शिकते. मागच्या वर्षी एकदा ती जाडजूड शब्दकोश उघडून बसली होती. म्हणाली, "बाबा, तुमचा एल्बो बघा काय निघाला." मी म्हटलं, कोपर, मला माहीत आहे. ती म्हणाली, "तसं नाही. शब्द दोन आहेत. एल आणि बो. एल म्हणजे हाताची लांबी, जुन्या काळी तिकडे कापड याच मापाने विकायचे. बो म्हणजे वाक. एल जिथे वाकतो तो एल्बो."

मी तिला ते पुन्हा वाचायला लावलं. कोपर म्हणजे मापाचा वाक. तिने आणखी सांगितलं, डॉक्टर कोपराखालच्या ज्या हाडाला अल्ना म्हणतात ते नाव त्याच मुळातलं. आणि आपल्याकडे संस्कृतात अरत्नी म्हणून हाताचं माप आहे, कोपरापासून करंगळीपर्यंत, तेही लांबचं नातेवाईक आहे असं जाणकार मानतात. आपलं कोपर मात्र वेगळ्या घरातलं, संस्कृतातल्या कूर्परापासून आलेलं. आमच्या घाटकोपरातही कोपर आहे, घाटाचा कोपरा म्हणून असं कुणी म्हणतात, पण ते खरं की खोटं मला माहीत नाही.

"मग भांडणं होत नसतील का?" मी विचारलं. "एकाचा हात लांब, एकाचा आखूड."

"व्हायची ना. या गावाचा एल वेगळा, त्या गावाचा वेगळा. मग सरकारी माप ठरवून द्यायला लागले, म्हणजे हात कुणाचा हा प्रश्नच नको."

इंग्रज कष्टाला कोपराचं वंगण म्हणतात, हेही तिने सांगितलं आणि हसली. मला हसू आलं नाही. त्यांच्या कोपराला वंगण, आमच्या कोपराला गूळ. मी पुढे काही ऐकलं नाही. माझ्या डोक्यात एकच घुमत होतं, हात कुणाचा हा प्रश्न.

कारण तो पाइप अजून भिंतीत होता. जोड सुटल्यावर मिस्त्रीनेच दुरुस्ती केली होती. पाइप काढला नव्हता, एका टोकाला सॉकेट आणि बोटभर निपल, म्हणजे आटे पाडलेला छोटा तुकडा, जोडून एल्बोपर्यंत पोचवला होता. आणि इमारत पाडायला निघाली होती. नवी उंच होणार होती.

पाडकाम सुरू झालं तसा मी रोज जाऊन उभा राहायला लागलो. भंगारवाल्याने दुसऱ्या मजल्याची भिंत मोकळी केली त्या दिवशी पाइप दिसला. भंगारवाल्याला मी ओळखतो. मला काय हवंय ते त्याला कळलं असतं तर त्याने माझं रक्त काढलं असतं. म्हणून मी टाकीच्या पितळी व्हॉल्व्हवर अर्धा तास घासाघीस केली, शिव्या दिल्या, निघून जायचं नाटक केलं, परत आलो. शेवटी म्हटलं, "ठीक आहे, घेतो. हा गंजका तुकडा वर फुकट टाक." त्याने टाकला.

घरी आणून कोपर टेकवलं. पाइप माझ्या दोन हातांना एक बोट कमी. निपलची ती बोटभर वाढ धरली की माझे दोन हात पुरते.

पाइप घेऊन मी काकूंकडे गेलो. इमारत रिकामी केल्यापासून त्या विक्रोळीला भाड्याने राहतात. दार उघडलं, मला पाहिलं, पदर ओढला. पण आत घेतलं. मी सगळं सांगितलं, अर्धं बोट, आखूड, ओढ, बसता ता. त्यांनी डाव्या हाताने शिवणाचा टेप काढला आणि पाइप स्वतः मोजला, दोनदा. चांगल्या शिंपिणीसारखा टेप सपाट करून.

"टेप लांबी सांगतो," त्या म्हणाल्या. "हात कुणाचा ते टेप सांगत नाही. तू खोटं बोलतोस असं मी म्हणत नाही. पण तेव्हा तू पाना आपटलास, आणि तो शांत होता. त्याने येऊन माझ्यासमोर सांगावं. मग मी मानीन."

मिस्त्री मुलुंडला मुलाकडे असतो. सुनेने दार उघडलं. तो खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. वाळला आहे. कपाळावर सफेदा नाही.

"लांब्या? इलंस काय रे. हातात ह्या काय हाडलंस?"

"हात पुढे करा, मिस्त्री."

त्याने पाइप ओळखला. हात पुढे केला नाही, तेव्हा मीच धरून खाटेवर ठेवला. मांस गेलं होतं. हाड वाळत नाही. कोपर पाइपाच्या टोकाशी टेकवलं, बोट जिथे आलं तिथे नखाने खूण केली, पुन्हा टेकवलं. निपल सोडून पाइप त्याच्या बोटाच्या टोकाशी संपला. पुरते दोन हात.

त्याने नखाच्या खुणेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "त्या सेक्रेटरीन माझा डोक्या खाल्लेला. विसरलंय मी."

"सभेत का नाही सांगितलंत?"

"माझा लायसन गेला असता. घरात पाच जणां. तुझा काय जाणार होता रे? तुझा नाव खय होता तेव्हा?"

सून पाणी घेऊन आली होती, ती दारातच थांबली. मी उठलो. पाना आणला नव्हता हे बरं झालं.

"चला काकूंकडे. रिक्षा मी आणतो."

"आज नको. ह्या आयतवारी येतंय. नक्की येतंय, झिला."

तो आयतवार गेला, पुढचेही गेले. फोन केला की सून सांगते, बाबा झोपलेत.

मिस्त्री, मी माझा वाटा उचलतो. आखूड पाइप मी ओढला, तुमचं ऐकून ओढला तरी हात माझे होते. काकूंना ते मी सांगून आलो आहे. आता तुमचा वाटा उरला. सेक्रेटरींनाही विचारतो: काच फुटली ते तुम्ही पाहिलंत, पण 'दोन हात म्हणजे कुणाचे' हे एकदा तरी विचारलंत का? ती वही तुमच्या कपाटात आहे, ती उघडा आणि ती ओळ खोडा. आणि मिस्त्री, तुम्ही विक्रोळीला या. चालवत नसेल तर उचलून नेतो. त्या बाईंसमोर बसा, तुमचा उजवा हात पाइपाशेजारी टेकवा, आणि तो पाइप कुणाच्या हाताने कापला ते तुमच्या तोंडाने सांगा.